कर्नेलच्या उंबरठ्यावरचे आकडे

मे २००६मधली गोष्ट. एओएलसर्व्हर नावाचा वेब सर्व्हर अनेक ठिकाणी एकाच सुमारास कोसळू लागला. कोणी नवे सॉफ्टवेअर बसवले नव्हते, कोणी सेटिंगला हात लावला नव्हता. शोध घेतल्यावर दोषी ठरला एक अब्जाचा आकडा. डेटाबेसकडे केलेल्या विनंतीची मुदत कधीच संपू नये असे सांगायचे, तर त्या सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये मुदत म्हणून एक अब्ज सेकंद लिहिलेले असत. म्हणजे साधारण ३१ वर्षे ८ महिने. लिहिणाऱ्याच्या लेखी हा काळ जवळजवळ अनंतच होता. पण १३ मे २००६ रोजी, १९७०पासूनच्या सेकंदांत मोजलेल्या चालू वेळेत एक अब्ज मिळवल्यावर येणारी बेरीज २,१४,७४,८३,६४७च्या पुढे गेली. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. तिच्यात आणखी एक मिळवला की आकडा ऋण होतो, आणि १९७०पासून मागे मोजलेले तेवढे सेकंद थेट डिसेंबर १९०१मध्ये नेऊन सोडतात. सर्व्हरच्या हिशेबी प्रत्येक विनंतीची मुदत शंभर वर्षांपूर्वीच संपलेली होती.

दोष कोणाला द्यायचा? कॉन्फिगरेशन लिहिणाऱ्याने अतिशयोक्ती केली हे खरे, पण वेळ ३२ बिटांत मोजायची हे काही त्याने ठरवले नव्हते. ते १९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घडताना ठरले, तेव्हाच्या यंत्रापुरते आणि तेव्हाच्या गरजेपुरते ठरले. पुढे ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलने बाहेरच्या प्रोग्रॅमना वेळ कोणत्या रूपात सांगायची, यातच ते गोठून बसले. पुढील पानांचा विषय हाच आहे: कर्नेल आणि प्रोग्रॅम यांच्यात ये-जा करणाऱ्या पूर्णांकांचा आकार. तो किती बिटांचा असावा, त्यात ऋण संख्या बसाव्यात की नाही, आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंनी तो सारखाच मोजला जावा यासाठी काय करावे लागते.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. फाइल वाचणे, नेटवर्कवर काही पाठवणे, वेळ विचारणे यांतले काहीच प्रोग्रॅमला परस्पर करता येत नाही. त्याने सिस्टिम कॉल करून कर्नेलला विनंती करायची असते. ही विनंती बहुतांशी आकड्यांचीच बनलेली असते: कोणती फाइल, किती बाइट, कुठून, मेमरीत कोणत्या पत्त्यावर. छापील अर्जात खाते क्रमांकासाठी मोजके चौकोन असतात, तशी यातल्या प्रत्येक आकड्याला ठरलेली जागा असते. अर्जात चौकोन कमी पडले तर खिडकीमागचा कारकून अर्ज परत तरी करतो. इथे जास्तीचे अंक गुपचूप गळून पडतात आणि उरलेल्या आकड्यावर काम सुरू होते.

शिवाय कर्नेल लिहिणारे आणि प्रोग्रॅम लिहिणारे एकमेकांना ओळखतही नाहीत. २००३मध्ये कंपाइल झालेला प्रोग्रॅम आजच्या कर्नेलवर चालवला जाऊ शकतो. कंपाइल झालेल्या प्रोग्रॅममध्ये प्रकाराचे नाव उरत नाही. उरते ती फक्त अमुक पत्त्यावरून चार बाइट उचलण्याची आज्ञा. कर्नेलच्या हेडर फाइलमधली एक ओळ बदलणे हे पाच मिनिटांचे काम असते, पण त्या ओळीवर विसंबून आधीच बाहेर पडलेले लाखो प्रोग्रॅम त्या पाच मिनिटांत बदलत नाहीत.

युनिक्सच्या सुरुवातीच्या काळाकडे पाहिले तर ही सगळी दुखणी पाळण्यातच दिसतात. १९७१च्या पहिल्या मॅन्युअलनुसार वेळ सेकंदाच्या साठाव्या भागात मोजली जाई, कारण यंत्राचे घड्याळ अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेवर टिकटिकत होते. असे भाग ३२ बिटांत सव्वादोन वर्षांपुरतेच मावतात. ही अडचण लवकरच लक्षात आली आणि मोजणी पूर्ण सेकंदांवर आली. तेव्हाचे युनिक्स ज्यावर चाले ते पीडीपी-११ हे यंत्र १६ बिटांचे. त्या काळच्या सी भाषेत ‘लाँग’ हा प्रकारच नव्हता. म्हणून वेळ दोन १६-बिटी पूर्णांकांच्या ॲरेत ठेवली जाई, आणि फंक्शनला ॲरे परत करता येत नसल्याने कर्नेलला तिचा पत्ता द्यावा लागे. ‘टाइम’ या सिस्टिम कॉलला आजही एक पॉइंटर द्यावा लागतो आणि बहुतेक प्रोग्रॅमर तिथे मुकाट्याने नल लिहितात. अडचण संपून पन्नास वर्षे होत आली, तिची खूण मात्र गेलेली नाही.

फाइलमध्ये पुढे-मागे जाण्याचेही असेच होते. सहाव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे १९७५च्या सुमारास, ‘सीक’ या कॉलला मिळणारा आकडा १६ बिटांचा होता. फाइल मात्र १६ मेगाबाइटपर्यंत वाढू शकत होती. यावर शोधलेला उपाय जुगाडच म्हणायचा: कॉलच्या काही प्रकारांत दिलेला आकडा ५१२ने गुणला जाई. आधी ठोक उडी मारायची, मग सुट्या बाइटांची. १९७९च्या सातव्या आवृत्तीत ‘लाँग’ आकडा घेणारा ‘एलसीक’ आला आणि हा द्राविडी प्राणायाम संपला.

त्याच सातव्या आवृत्तीत आणखी एक शहाणपणाची गोष्ट घडली. त्याआधी स्टीव्ह जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ या ३२-बिटी यंत्रावर नेण्याचा घाट घातला होता. पीडीपी-११वर ‘इंट’ १६ बिटांचा, इथे ३२ बिटांचा. कोणत्या ओळीत प्रोग्रॅमरला ‘कोणताही पूर्णांक’ अभिप्रेत होता आणि कोणत्या ओळीत ‘नेमके १६ बिट’, हे हजारो ओळींतून निवडत बसावे लागले. या अनुभवाची छाप सातव्या आवृत्तीवर स्पष्ट दिसते. ‘टाइम_टी’, ‘ऑफ_टी’, ‘आयनो_टी’, ‘डेव्ह_टी’ अशी नावे एका हेडर फाइलमध्ये एकत्र आली: वेळ, फाइलमधले स्थान, आयनोड क्रमांक, उपकरण क्रमांक. आकड्याचा अर्थ नावात आणि त्याची रुंदी एकाच जागी लिहिलेली. रुंदी बदलायची झाली तर तिथे बदला आणि सगळे पुन्हा कंपाइल करा.

‘सगळे पुन्हा कंपाइल करा’ हे बेल लॅब्जच्या एका इमारतीत शक्य होते. जगभर पसरलेल्या प्रणालीत ते शक्य नाही.

त्यातून ‘इंट’ आणि ‘लाँग’ ही नावे मुळात सैल. सी भाषेने त्यांची किमान रुंदी सांगितली, नेमकी कधीच सांगितली नाही. १९९०च्या दशकात ६४-बिटी यंत्रे आली तेव्हा दोन तट पडले. युनिक्स घराण्याने ‘इंट’ ३२ बिटांवर ठेवला, ‘लाँग’ आणि पॉइंटर ६४ बिटांचे केले. मायक्रोसॉफ्टने ‘लाँग’ही ३२ बिटांवरच ठेवला आणि फक्त पॉइंटर रुंद केला. विंडोजच्या असंख्य स्ट्रक्चरांत, डिस्कवरच्या फाइल फॉरमॅटांतही, ‘लाँग’ म्हणजे चार बाइट हे इतके मुरले होते की त्याला हात लावणे परवडणारे नव्हते. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समंजस होते. परिणाम असा, की एकच ओळ एका प्रणालीत आठ बाइट लिहिते आणि दुसरीत चार. सीमेवरच्या स्ट्रक्चरमध्ये नुसता ‘लाँग’ लिहिणे हा आळस आहे असे म्हटले तर ते कठोर वाटेल, पण गेल्या तीस वर्षांतल्या दुरुस्त्या पाहता वेगळे काही म्हणवत नाही.

लिनक्स कर्नेलमध्ये यावर शिस्त ठरलेली आहे. आतल्या कामासाठी ‘यू८’, ‘यू१६’, ‘यू३२’, ‘यू६४’ असे नेमक्या रुंदीचे प्रकार, आणि जे प्रोग्रॅमपर्यंत जाणार त्यांच्यासाठी तेच प्रकार आधी दोन अंडरस्कोर लावून. सी भाषेच्या १९९९च्या प्रमाणातही नेमक्या रुंदीचे प्रकार आले. पण प्रकार उपलब्ध असणे वेगळे आणि योग्य जागी वापरले जाणे वेगळे. ‘सॉकलेन_टी’ची कहाणी त्यासाठी सावकाश पाहण्यासारखी आहे.

नेटवर्कवरून आलेली जोडणी स्वीकारण्यासाठी ‘ॲक्सेप्ट’ हा कॉल असतो. समोरच्याचा पत्ता कर्नेल एका बफरमध्ये लिहून देतो. त्या बफरची लांबी प्रोग्रॅम एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि त्या व्हेरिएबलचा पत्ता कर्नेलला देतो. कर्नेल त्यात खरी लांबी लिहून परत करतो. बीएसडी युनिक्समध्ये हे व्हेरिएबल ‘इंट’ होते. पुढे पॉसिक्स प्रमाणाच्या एका मसुद्यात कोणाला वाटले की लांबी ऋण कशी असेल, ती चिन्हविरहित ‘साइझ_टी’च हवी. तर्क निर्दोष होता. ३२-बिटी यंत्रांवर काही बिघडलेही नसते, कारण तिथे दोन्ही चार बाइटांचे. ६४-बिटी यंत्रांवर मात्र ‘साइझ_टी’ आठ बाइटांचा असतो. जुन्या प्रोग्रॅमने चार बाइटांच्या ‘इंट’चा पत्ता द्यायचा आणि कर्नेलने तिथे आठ बाइट लिहायचे, म्हणजे शेजारच्या व्हेरिएबलवर पाणी फिरलेच. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी याला कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की सॉकेटचा जो ढाचा जग वापरते त्यात तिथे ‘इंट’ आहे, तर तिथे ‘इंट’च्याच आकाराचे काही असले पाहिजे. अखेर तडजोड झाली. ‘सॉकलेन_टी’ हे नवे नाव काढले गेले आणि प्रत्यक्षात त्याची रुंदी ‘इंट’इतकीच राहिली. प्रमाण समितीचीही लाज राहिली आणि जुने प्रोग्रॅमही चालत राहिले.

पण ज्या शंकेपोटी हा खटाटोप सुरू झाला ती पोकळ नव्हती. ऑगस्ट २००२मध्ये फ्रीबीएसडीने एक सुरक्षा सूचना काढली. नेमक्या याच कुळातल्या ‘ॲक्सेप्ट’, ‘गेटसॉकनेम’ आणि ‘गेटपीअरनेम’ या कॉलांत लांबी चिन्हांकित पूर्णांक म्हणून हाताळली जात होती. दिलेली लांबी मर्यादेपेक्षा जास्त आहे का, एवढेच तपासले जाई. कोणी ऋण लांबी दिली तर ती मर्यादेपेक्षा लहानच ठरणार, म्हणून तपासणीतून सुटे. पुढे प्रत किती बाइटांची करायची हे ठरताना तोच आकडा चिन्हविरहित म्हणून वाचला जाई, म्हणजे प्रचंड मोठा होई. कर्नेलच्या मेमरीचा मोठा भाग त्या प्रोग्रॅमच्या हाती पडू शके. रुंदी दोन्हीकडे सारखी होती; चिन्हाबद्दल एकमत नव्हते. सुसंगत प्रकार म्हणताना रुंदीइतकाच चिन्हाचाही विचार करावा लागतो, तो यासाठी.

असाच प्रकार कर्नेलच्या पोटात घडला तो २०२१मध्ये उघड झाला. क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी लिनक्समधल्या एका त्रुटीला सेकोया हे नाव दिले; तिचा क्रमांक सीव्हीई-२०२१-३३९०९. फाइल सिस्टिमच्या कोडमधले एक फंक्शन बफरचा आकार ‘साइझ_टी’मध्ये ठेवत होते आणि दुसऱ्याला तो ‘इंट’ म्हणून देत होते. एरवी बफर काही किलोबाइटांचा असतो, त्यामुळे कोणाचे काही बिघडत नव्हते. संशोधकांनी एकात एक इतक्या डिरेक्टरी तयार केल्या की पूर्ण पाथची लांबी एक गिगाबाइटच्या वर गेली. ती डिरेक्टरी माउंट केली, काढून टाकली आणि माउंटांची यादी वाचायला घेतली. कर्नेल बफर दुप्पट-दुप्पट करत दोन गिगाबाइटांपर्यंत पोचला, आणि तो आकडा ‘इंट’मध्ये शिरताच उणे २,१४,७४,८३,६४८ झाला. मग डिरेक्टरी काढून टाकल्याची खूण म्हणून लिहायचे दहा बाइट बफरच्या सुरुवातीच्याही दोन गिगाबाइट अलीकडे जाऊन पडले. दहा बाइटांच्या या चुकीच्या जागी पडण्यातून साध्या वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार मिळवता येतात, हे त्यांनी उबुंटू, डेबियन आणि फेडोराच्या तेव्हाच्या आवृत्त्यांवर दाखवून दिले. ही त्रुटी २०१४पासून तिथे होती. सात वर्षे हा कोड अनेकांनी वाचला असणार. पण एक गिगाबाइटहून लांब पाथ कोण कल्पील?

अशा गोष्टींचा अंदाज टोरवाल्ड्स आणि मंडळींना पूर्वीपासून असावा असे म्हणायला एक पुरावा आहे. लिनक्सवर एका ‘रीड’ किंवा ‘राइट’ कॉलमध्ये कितीही बाइट मागा, मिळतात जास्तीत जास्त २,१४,७४,७९,५५२. यंत्र ६४ बिटांचे असले तरी हाच आकडा. हजारो ड्रायव्हरांपैकी कोणी ना कोणी लांबी ‘इंट’मध्ये ठेवत असणार, प्रत्येक दारावर पहारा बसवण्यापेक्षा मुख्य दरवाजाच अरुंद केलेला बरा, असा त्यामागचा हिशेब. सेकोयाची दुरुस्ती करताना त्या बफरलाही हीच मर्यादा लावली गेली.

आतापर्यंत सुट्या आकड्यांचे पाहिले. अनेक आकडे एकत्र बांधून स्ट्रक्चर पाठवायचे झाले की प्रकरण आणखी अवघड होते. समजा, स्ट्रक्चरमध्ये एक ६४-बिटी आणि एक ३२-बिटी पूर्णांक आहे. दोन्हींची रुंदी नेमकी लिहिलेली आहे, कोठेही ‘लाँग’ नाही. तरीही ३२-बिटी इंटेल यंत्रावर त्याचा आकार १२ बाइट होतो आणि ६४-बिटीवर १६. कारण पहिल्यावर आठ बाइटांचा आकडा चारच्या पटीतल्या पत्त्यावर चालतो, दुसऱ्यावर आठच्या पटीत लागतो, म्हणून कंपायलर शेवटी चार बाइटांचे पॅडिंग भरतो. ६४-बिटी कर्नेलवर जुना ३२-बिटी प्रोग्रॅम चालवला की तो १२ बाइट देतो आणि कर्नेल १६ शोधतो. त्यातही लिनक्समध्ये उपकरणांना आज्ञा देण्याच्या ‘आयओसीटीएल’ कॉलात आज्ञेच्या क्रमांकातच स्ट्रक्चरचा आकार गुंफलेला असतो. म्हणजे आकार बदलला की आज्ञाच बदलली. म्हणून जाणते लोक रिकामी जागा कंपायलरवर न सोपवता तिला नाव देऊन हातानेच लिहितात, आणि ती शून्यच आहे ना हे कर्नेलमध्ये तपासतात. न तपासलेली रिकामी जागा दोन्हीकडून घातकी असते. कर्नेलकडून जाताना तिच्यातून कर्नेलच्या मेमरीतला उरलासुरला मजकूर बाहेर सांडतो. प्रोग्रॅमकडून येताना तिच्यात कचरा असेल तर ती जागा पुढे कधीच वापरात घेता येत नाही.

एआरएम प्रोसेसरांवर आणखी एक खोच. तिथे ३२-बिटी यंत्रात ६४-बिटी आकडा दोन रजिस्टरांत विभागून जातो आणि ती जोडी सम क्रमांकाच्या रजिस्टरपासूनच सुरू व्हावी लागते. फाइलचा काही भाग डिस्कवर उतरवणाऱ्या ‘सिंक_फाइल_रेंज’ या कॉलमध्ये आधी फाइल क्रमांक, मग दोन ६४-बिटी आकडे, शेवटी फ्लॅग असा क्रम होता. पहिल्या क्रमांकानंतर एक रजिस्टर वाया जाते, आणि सहा रजिस्टरांत बसायला हवे ते सातव्यावर जाते. पॉवरपीसीचेही तेच. म्हणून फ्लॅग दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला ‘सिंक_फाइल_रेंज२’ हा जोड कॉल काढावा लागला. कामात काडीचाही फरक नाही.

वापरकर्त्याच्या क्रमांकाचे उदाहरण थोडक्यात आटोपते, पण दचकवते. लिनक्समध्ये २.४ आवृत्ती येईपर्यंत तो १६ बिटांचा होता. ३२ बिटांवर जाताना जुन्या कॉलांचे काय करायचे? क्रमांक ६५,५३६ सोळा बिटांत कापला तर शून्य उरतो, आणि शून्य म्हणजे रूट. म्हणून न मावणारा प्रत्येक क्रमांक जुन्या प्रोग्रॅमला ६५,५३४ असा दाखवायचे ठरले; हा मुद्दाम राखून ठेवलेला, कोणाचाच नसलेला क्रमांक.

रुंदी वाढवण्याची किंमत कोणी मोजायची, यावर प्रत्येक प्रणालीचा स्वभाव दिसतो. ओपनबीएसडीने मे २०१४च्या ५.५ आवृत्तीत ३२-बिटी यंत्रांवरही ‘टाइम_टी’ ६४ बिटांचा करून टाकला. जुने प्रोग्रॅम चालणार नाहीत, सगळे नव्याने बसवा, असे बजावून. कर्नेल, लायब्ररी आणि प्रोग्रॅम एकाच घरात तयार होत असल्याने त्यांना हे साधले. फ्रीबीएसडीने डिसेंबर २०१८च्या १२.० आवृत्तीत आयनोड क्रमांक ६४ बिटांचा केला, पण जुन्या प्रोग्रॅमसाठी जुनी दारे उघडी ठेवली. लिनक्सचा दंडक सर्वांत कडक: चालत असलेला प्रोग्रॅम कर्नेलमुळे बंद पडता कामा नये. त्यामुळे ३२-बिटी लिनक्समध्ये जुने कॉल तसेच ठेवून वेळेशी संबंधित प्रत्येक कॉलला ६४-बिटी जुळे भावंड द्यावे लागले. आर्न्ड बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्रायव्हर, फाइल सिस्टिम, नेटवर्क असे एकेक कोपरे पिंजून काढत हे काम वर्षानुवर्षे रेटले. २०१९च्या ५.१ आवृत्तीत नवे कॉल आले आणि २०२०च्या ५.६ आवृत्तीत ३२-बिटी कर्नेल २०३८पलीकडे चालण्याजोगा झाला. ओपनबीएसडीचा मार्ग सुटसुटीत खरा, पण लिनक्सवर ज्यांचा पोटापाण्याचा धंदा चालतो त्यांना तो झेपला नसता.

या कामातही एक मासलेवाईक पेच होता. वेळेच्या स्ट्रक्चरमध्ये सेकंद आणि नॅनोसेकंद असे दोन आकडे असतात. नॅनोसेकंद ९९,९९,९९,९९९च्या वर जात नाहीत. त्यांना ३० बिट पुरतात. पण पॉसिक्स आणि सी यांच्या प्रमाणांनी तिथे ‘लाँग’ लिहून ठेवला होता, आणि ३२-बिटी यंत्रावर तो ३२ बिटांचा. कर्नेलला मात्र ३२-बिटी आणि ६४-बिटी दोन्ही प्रोग्रॅमसाठी स्ट्रक्चर एकाच आकाराचे हवे होते, म्हणून त्याने ६४ बिटांची जागा ठेवली. मग उरलेल्या चार बाइटांत प्रोग्रॅमने काहीही सोडले असेल तर? ३२-बिटी प्रोग्रॅमकडून आलेले ते वरचे बिट कर्नेलने चक्क दुर्लक्षित करायचे, असे ठरले.

कर्नेल तयार झाला म्हणजे काम संपले असे नाही. डेबियनने २०२४मध्ये ३२-बिटी एआरएमसाठी नवी रुंदी स्वीकारली तेव्हा शेकडो लायब्ररींच्या पॅकेजांची नावे बदलावी लागली, कारण जुन्या आणि नव्या रुंदीच्या लायब्ररी एकाच प्रोग्रॅममध्ये मिसळल्या तर गोंधळ कोणालाच आवरला नसता. ३२-बिटी इंटेलची आवृत्ती मात्र त्यांनी जाणीवपूर्वक तशीच सोडली. तिचा उपयोग आता मुख्यतः जुने, पुन्हा कंपाइल न होणारे प्रोग्रॅम चालवण्यापुरता उरला आहे. भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८च्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी तिथली जुनी मोजणी संपेल. आज घेतलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते त्या तारखेच्या पुढे जातात, तेव्हा ही गोष्ट नातवंडांची नव्हे.

मोजणी संपण्याचे छोटे प्रयोग याआधी बरेच झाले आहेत. विंडोजचा ‘गेटटिककाउंट’ यंत्र सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ३२ बिटांत देतो, ते ४९.७ दिवसांत भरतात. त्या घटकेला विंडोज ९५ आणि ९८ गोठत, हे मायक्रोसॉफ्टने मान्य केले, पण तोवर वर्षे लोटली होती. विंडोज ९५ सलग सात आठवडे चालू ठेवण्याची किमया फार थोड्यांना साधली असणार! १४ सप्टेंबर २००४ला मात्र दक्षिण कॅलिफोर्नियाच्या आकाशात याची झळ लागली. हवाई नियंत्रकांची विमानांशी बोलण्याची यंत्रणा तासन् तास बंद पडली. तिच्यातही ४९.७ दिवसांत संपणारी मोजणी होती, आणि ती संपू नये म्हणून दर महिन्याला यंत्रणा बंद-चालू करायचे काम राहून गेले होते. लिनक्सने अशाच एका आतल्या मोजणीवर, ‘जिफीज’वर, मिस्कील तोडगा काढला. ३२-बिटी यंत्रावर, सेकंदाला शंभर टिक धरले तर, ती ४९७ दिवसांनी उलटते. तोवर कोण थांबणार? म्हणून तिची सुरुवात शून्यापासून न करता उलटण्याच्या पाच मिनिटे आधीपासून केली गेली. ज्याच्या ड्रायव्हरला उलटणे झेपत नाही, त्याला ते यंत्र सुरू केल्यावर पाचव्या मिनिटालाच कळते.

मग सरसकट ६४ बिट का नकोत, हा वाचकाच्या मनातला प्रश्न रास्त आहे. नव्या इंटरफेससाठी बहुधा तेच उत्तर आहे. ३२-बिटी रिस्क-व्हीला लिनक्सने वेळेचे जुने कॉल दिलेच नाहीत. पण छोट्या यंत्रांत प्रत्येक ६४-बिटी आकडा दोन रजिस्टरे अडवतो, आणि लाखो नोंदींच्या स्ट्रक्चरमध्ये दुप्पट जागा खातो. शिवाय रुंदी वाढवून चिन्हाचा घोळ मिटत नाही. अक्षर ठेवणाऱ्या साध्या ‘चार’ (char) या प्रकाराला चिन्ह आहे की नाही हे सी भाषेने कंपायलरवर सोडले, इंटेलवर असे, एआरएमवर नसे. २०२३च्या ६.२ आवृत्तीपासून लिनक्स कर्नेल सगळीकडे तो चिन्हविरहित धरूनच कंपाइल होतो. रस्ट भाषेत एका रुंदीचा आकडा दुसऱ्या रुंदीत आपोआप शिरत नाही, प्रोग्रॅमरला तसे लिहून द्यावे लागते. कर्नेलमध्ये तिला मिळालेल्या जागेचे हेही एक कारण मानता येईल, मात्र सीमेपलीकडच्या सी प्रोग्रॅमवर तिची सत्ता चालत नाही.

पुढील प्रकरणे वाचताना एक स्ट्रक्चर जवळ ठेवावे, अशी शिफारस आहे. फाइलची माहिती देणारा ‘स्टॅटएक्स’ हा कॉल डेव्हिड हॉवेल्स यांनी २०१०मध्ये वेगळ्या नावाने मांडला आणि २०१७मध्ये ४.११ आवृत्तीत तो दाखल झाला. सात वर्षांच्या वादावादीतून उतरलेले त्याचे स्ट्रक्चर बरोबर २५६ बाइटांचे आहे. त्यात एकही ‘लाँग’ नाही. सेकंद चिन्हांकित ६४ बिटांचे, नॅनोसेकंद चिन्हविरहित ३२ बिटांचे, त्याशेजारची चार बाइटांची रिकामी जागा नाव देऊन राखलेली. सुरुवातीच्या एका आकड्यात कर्नेल सांगतो की पुढचे कोणते रकाने खरोखर भरले आहेत. शेवटी भविष्यासाठी मोकळे रकाने सोडलेले होते. त्यांतला एक ५.८ आवृत्तीत माउंट क्रमांकाने घेतला, ६.१मध्ये थेट डिस्कवर लिहिण्या-वाचण्याच्या अटींनी आणखी एक घेतला, आणि २०१७मध्ये कंपाइल झालेल्या प्रोग्रॅमना त्याचा पत्ताही लागला नाही.